घरचं माणूस : एका थोरल्या मुलाचं प्रकरण

या प्रकरणातल्या मुलाला मी 'हाई' म्हणणार आहे. दक्षिण व्हिएतनाममध्ये घरातल्या पहिल्या अपत्याला हाई म्हणतात, आणि हाई म्हणजे दोन. मोजणी दोनापासून का सुरू होते याची लोक निरनिराळी कारणं सांगतात. शेंडेफळाला 'उत' म्हणतात. आई-बाप, आत्या, काका, शेजारी सगळे याच आकड्यांनी हाक मारतात, आणि घरात आलेल्या सुनेलाही नवऱ्याचाच आकडा लागतो. मेकाँग नदीच्या मुखाकडच्या कुठल्याही गावात उभं राहून 'हाई' अशी हाक मारली तर चार घरांतून ओ येईल. लिहायला परवानगी देताना हे नाव त्यानेच सुचवलं.

२०१७ ते २०२२ मी सायगावमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते. कागदावर त्या शहराचं नाव होचिमिन्ह सिटी आहे, पण बोलताना तिथले लोक सायगावच म्हणतात. हाई माझ्या टीममध्ये होता. मी वयाने मोठी म्हणून मला 'ची', म्हणजे ताई म्हणायचा. माझा धाकटा भाऊ समलिंगी आहे. सांगलीच्या आमच्या घरी ते २०१६ पासून सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी उच्चारत नाही. त्यामुळे हाईच्या घरात जे चाललं होतं ते मी जीव कानात आणून ऐकलं, आणि तारखांसकट लिहून ठेवलं.

घर

सायगावपासून बसने अडीच तासांवर, एका कालव्याच्या काठी त्यांची दुरियानची बाग आहे. वडील त्यांच्या भावंडांत थोरले. हाई त्यांचा थोरला आणि एकुलता मुलगा, त्याच्या पाठीवर दोन बहिणी. म्हणजे थोरल्याचा थोरला. व्हिएतनामी भाषेत या नातवासाठी वेगळा शब्द आहे आणि त्याच्या वाट्याला वेगळं काम आहे : पूर्वजांची वेदी सांभाळणं.

दारातून आत शिरलं की समोरच ती वेदी दिसते. गो कॉंगच्या सुतारांनी केलेलं, शिंपल्याची नक्षी जडवलेलं उंच लाकडी कपाट. वर आजा-पणज्यांचे फोटो, उदबत्त्यांचं भांडं, फळांचं तबक. खाली कप्पे, आणि त्यात घरातले महत्त्वाचे कागद. बागेचा एक तुकडा असा आहे की तो विकायचा नाही. त्याच्या उत्पन्नातून पूर्वजांचे दिवस करायचे. अशा जमिनीला 'हुओंग होआ' म्हणतात, शब्दशः उदबत्ती आणि आग. आपण वंशाचा दिवा म्हणतो. त्यांच्याकडे दिव्याच्या जागी उदबत्ती आहे, आणि तिच्या नावाने सातबारासुद्धा आहे म्हणा ना.

पूर्वजाच्या मृत्युतिथीला 'यो' म्हणतात. आपल्या वर्षश्राद्धासारखाच चांद्र तिथीवर येणारा दिवस, पण भटजी नाही, कावळा नाही. पहाटेपासून बायका स्वयंपाकाला लागतात. नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मांस आणि अंडी, कारल्याचं सूप, भात असं सगळं आधी वेदीवर वाढतात. घरातला कर्ता तीन उदबत्त्या लावून पूर्वजांना जेवायला बोलावतो. उदबत्त्या विझेपर्यंत सगळे थांबतात आणि मग पन्नास माणसं जेवतात. २०१८ साली हाईच्या आजोबांच्या यो-ला मी गेले होते. आमच्याबरोबर हाईचा 'मित्र' होता, औषधांच्या दुकानात काम करणारा, मूळचा कान थो शहरातला. निघताना हाईच्या आईने सगळ्या पाहुण्यांना उरलेलं अन्न बांधून दिलं. मला एक पिशवी, त्या मित्राला एक पिशवी. तो तेव्हा तीन वर्षं हाईबरोबर एका खोलीत राहत होता.

भाषा

हे प्रकरण समजायला दोन-तीन शब्द लागतात.

व्हिएतनामी माणूस आई-वडिलांशी बोलताना स्वतःला 'मी' म्हणत नाही. तो 'कॉन' म्हणतो, म्हणजे पोर. वयाच्या साठाव्या वर्षीसुद्धा तो ऐंशीच्या आईसमोर 'पोर जेवलं, पोर निघतं' असंच बोलतो. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांत ज्या वाक्याला एवढं महत्त्व दिलेलं असतं, ते 'मी समलिंगी आहे' हे वाक्य त्याला आईसमोर उच्चारताच येत नाही. तिथे 'मी' नाही, तिचं पोर आहे. स्वतःबद्दल जे सांगायचं ते तिच्याबद्दलही सांगितलं जातं.

समलिंगी माणसासाठी छापील शब्द आहे 'दोंग तिन्'. तो वर्तमानपत्रात चालतो, चुलीपाशी परका वाटतो. बोलण्यातला शब्द 'बे दे', फ्रेंच राजवटीत आलेल्या एका शिवीचा अपभ्रंश. या दोन्हींपैकी एकही शब्द आईसमोर वापरायचा नाही, असं हाईने आधीच ठरवलं होतं.

प्रियकर किंवा प्रेयसी, दोघांनाही एकच शब्द आहे आणि त्यातून बाई की पुरुष ते कळत नाही. म्हणून 'कुणी आहे का रे?' असं विचारल्यावर 'आहे' असं सांगता येतं. हाईने हे सात वर्षं केलं. एकही खोटं बोलला नाही, आणि आईला वाटत राहिलं की मुलगी आहे, पण तिच्या घरचे अडवतायत.

वाक्य

सांगायचं कधी, यावर त्याने खूप विचार केला होता. तेतला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी तोंडातून जे निघतं ते वर्षभर घरात राहतं, अशी समजूत आहे. यो-ला नाही, पूर्वज घरात आलेले असतात. घरात तर नाहीच, वेदी समोर असते.

२०१९ च्या जूनमधला एक शनिवार. आईला बाजारात सोडायला तो मोटरसायकलवर निघाला. कालव्याच्या बांधावरचा अरुंद रस्ता, तो पुढे, ती मागे, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलायची वेळ येणार नाही म्हणून ही जागा. तो म्हणाला, "मा, पोराचा जीव एका मुलावर आहे." जीव असण्यासाठी त्याने 'थुओंग' हा शब्द वापरला. दक्षिणेत प्रेमाला हाच शब्द आहे. आईची माया, म्हाताऱ्यांची कणव, नवरा-बायकोतली ओढ सगळं त्यात येतं.

वाऱ्यामुळे तिला ऐकू आलं नाही. "काय म्हणालास?"

एकदा म्हणायचं धैर्य गोळा करायला त्याला सात वर्षं लागली होती. दुसऱ्यांदा म्हणायची तयारी नव्हती. तरी म्हणाला, ओरडून, कारण समोरून तांदळाचा ट्रक येत होता.

बाजारापर्यंत ती गप्प होती. उतरल्यावर तिने एकच विचारलं, "म्हणजे तू बाई होणार का?"

या प्रश्नावर हसू नये. मेकाँगच्या गावांत लहानपणापासून लोकांनी 'बे दे' पाहिलेले असतात ते दोन ठिकाणी. एक देवीच्या ठाण्यात, जिथे बायकी वेशातले पुरुष डोक्यावर तबक पेलत नाचतात, गातात. दुसरं गावोगाव फिरणाऱ्या 'लो तो'च्या मेळ्यात, जिथे स्त्रीवेशातल्या कलावंत सोडतीचे आकडे गाऊन सांगतात. यल्लम्माचे जोगते आणि तमाशातला नाच्या पाहिलेल्या मराठी माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. लोक त्यांना मान देतात, घाबरतात, हसतात, पैसे देतात, पण आपल्या ओसरीवर बसवत नाहीत. हाईच्या आईने तिच्याकडे असलेल्या एकुलत्या चित्रात मुलाला बसवून पाहिलं आणि ते बसेना. "तू तर लिपस्टिक लावत नाहीस," असंही ती म्हणाली. त्याने समजावून सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "बाला सांगू नकोस." बा म्हणजे वडील. हा शब्द आपल्याकडे खेड्यापाड्यांत होताच.

कलम आणि शिवी

थोडं मागे जाते. ६ सप्टेंबर २०१८ ला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाची धार बोथट केली, तेव्हा ऑफिसात हाईने माझं अभिनंदन केलं. मग चक्रावून विचारलं, "ची, तोपर्यंत तुमच्याकडे हा गुन्हा होता?" त्याच्या देशात तो कधी नव्हता. फ्रान्सने १७९१ मध्येच असा गुन्हा रद्द केलेला, त्यामुळे फ्रेंचांनी इंडोचायनात तसा कायदा आणला नाही. ब्रिटिशांनी आपल्या दंडसंहितेत तो घातला. त्यांनी आम्हाला कलम दिलं आणि फ्रेंचांनी यांना शिवी दिली, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं.

कलम नसलं म्हणून घर सोपं होत नाही, हे मी पुढच्या तीन वर्षांत पाहिलं. व्हिएतनामच्या २००० सालच्या विवाह कायद्यात समलिंगी विवाहाला मनाई होती. असं लग्न करणाऱ्यांना होणारा दंड नोव्हेंबर २०१३ मध्ये गेला. १ जानेवारी २०१५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने मनाई काढली आणि त्या जागी एक वाक्य घातलं : समान लिंगाच्या व्यक्तींच्या विवाहाला राज्य मान्यता देत नाही. म्हणजे हॉल घ्या, मंडप घाला, जेवणं वाढा, पोलीस येणार नाही. पण कागद मिळणार नाही. हाईच्या आईने हे सगळं एका प्रश्नात विचारलं होतं : "म्हातारपणी तुझी सही कोण करणार?"

आईचे पंधरा महिने

'बाला सांगू नकोस' म्हणून तिने मुलाचं ओझं उचललं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून पदराखाली लपवलं. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत एकटी तीच होती. मुलाला सायगावात जोडीदार होता, मित्र होते, फोनवर सगळं जग होतं. तिच्याकडे कुणी नव्हतं. शिवाय व्हिएतनाममध्ये एक म्हण घराघरात आहे : पोर बिघडलं तर आईमुळे, नातू बिघडला तर आजीमुळे. गरोदरपणी काय खाल्लं, त्याला बहिणींबरोबर खेळू दिलं ते चुकलं का, असं ती रात्ररात्र आठवत बसायची. हे तिने नंतर उतला, हाईच्या धाकट्या बहिणीला, सांगितलं.

आधी ती एका जाणत्याकडे गेली. त्याने सांगितलं की मुलावर एका अतृप्त स्त्री-आत्म्याचं प्रेम जडलंय, म्हणून त्याचं लग्न होत नाही. तो बंध तोडायचा विधी झाला. मग सायगावात तपासणी. हाई निमूट तिच्याबरोबर गेला आणि संप्रेरकांच्या चाचण्यांसाठी हातातून रक्त काढू दिलं. मी चिडले होते. "तू का गेलास? तू आजारी आहेस का?" असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "ची, तिला काहीतरी करायचं होतं. न करता बसणं तिला येत नाही." रिपोर्ट ठीक आले. डॉक्टर म्हणाले, काही नाही. ती बाहेर बाकावर बसून रडली, कारण काही असतं तर औषध असतं.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १७ मे १९९० रोजी. व्हिएतनामच्या आरोग्य मंत्रालयाने देशभरच्या दवाखान्यांना 'हा आजार नाही, यावर उपचार करू नका, कुणावर लादू नका' असं पत्र पाठवलं ऑगस्ट २०२२ मध्ये. मधल्या बत्तीस वर्षांत किती आया अशा बाकांवर बसल्या असतील, या विचाराने मला अजून गलबलून येतं.

पुस्तिका

मग हाईकडून चूक झाली, आणि तीत माझाही वाटा आहे. आईला समजेल असं काहीतरी वाचायला दे, हे मीच सुचवलं. त्याने पालकांसाठीची एक पातळ पुस्तिका आणून दिली. मजकूर चांगला होता, पण मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'दोंग तिन्' छापलेलं. त्या घरात अशी पुस्तिका ठेवायला जागा कुठे आहे, हा विचार ना त्याने केला ना मी.

तिने ती वेदीच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवली. तिच्या लेखी महत्त्वाचे कागद तिथेच असतात.

सप्टेंबर २०२० मध्ये जमिनीचा कागद काढायला वडिलांनी तो कप्पा उघडला. त्यांना दिसलं ते असं : बापाच्या फोटोखाली, उदबत्ती-आगीच्या जमिनीच्या कागदावर, तो शब्द. आईने आदराने ठेवलेली वस्तू त्यांना विटाळ वाटली. त्यांनी बायकोला विचारलं आणि ती खोटं बोलू शकली नाही. किती दिवस माहीत आहे, हेही विचारलं. मुलाच्या गोष्टीपेक्षा हे पंधरा महिने त्यांना जास्त लागले असावेत, असं हाईला वाटतं. मला तेवढी खात्री नाही.

ते ओरडले नाहीत, घराबाहेर काढलं नाही. आजोबांच्या यो-च्या आधी त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं की ये, जेव, पण वेदीसमोर उभा राहू नकोस. थोरल्याच्या थोरल्याला उदबत्तीची बंदी. आपल्याकडे बापाने चितेला अग्नी देऊ नकोस म्हणावं, त्याच्या जवळपास जाणारं हे वाक्य. कन्फ्यूशियन परंपरेत अपत्यधर्माला चुकण्याचे तीन प्रकार मानतात आणि त्यांत वंश न राखणं सर्वांत मोठं. वडील शाळेत जेमतेम गेलेले, पण हे त्यांना पाठ होतं. "मी गेल्यावर माझी उदबत्ती तू लावशील," ते म्हणाले, "तुझी कोण लावणार?"

हाई गेला नाही. फेब्रुवारी २०२१ चा तेतही त्याने सायगावातच काढला. त्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेले होते. दोघांनी मिळून बान तेत, चिकट भाताचे केळीच्या पानातले लांबट रोल, विकत आणले होते. त्याच्या घरी ते रात्रभर जागून उकडतात. तो खाताना काही बोलला नाही.

त्या काळात मी त्याला सांगत होते की वडिलांना गाठ, समोर बस, एकदाच सगळं स्पष्ट बोल. मी जे वाचलं होतं त्यात तसं लिहिलेलं असायचं. तो म्हणायचा, "समोर बसून आम्ही कधी पावसाबद्दलसुद्धा बोललो नाही." त्याचं बरोबर होतं. ज्या घरात मायाही शब्दांनी सांगत नाहीत, जेवलास का एवढंच विचारतात, तिथे सगळं एका संभाषणावर लावणं म्हणजे परक्या मैदानावर खेळायला जाणं.

चौथा काका

२०२१ च्या मे अखेरीपासून सायगाव बंद होत गेलं. जूनमध्ये, रस्ते पूर्ण थांबायच्या आधी, गावाकडून मालट्रकमधून एक खोकं आलं. तांदूळ, सुकी मासळी, भोपळा, अंडी. हाईने मोजून पाहिलं. अंडी साठ होती. एकट्यासाठी आई नेहमी तीस पाठवायची. चिठ्ठी नव्हती.

९ जुलैला शहराला कुलूप लागलं. हाईचे चौथे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, सायगावात मोटरसायकल टॅक्सी चालवत. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. ऑगस्टच्या मध्यात ते कोविडने गेले. कुणाला भेटता आलं नाही. तेव्हा शहरात अस्थी घरोघर पोचवायचं काम लष्कराकडे होतं. दोन जवान आले, नमस्कार करून कलश हाईच्या हातात देऊन गेले. गावाचा रस्ता बंद. तो कलश त्यांच्या खोलीत दोन महिन्यांहून जास्त राहिला, पुस्तकांच्या मांडणीवर. हाईचं घरून काम चालायचं, मीटिंगवर मीटिंग. औषधाचं दुकान अत्यावश्यक म्हणून जोडीदार रोज बाहेर जायचा, रोज परत यायचा, आणि अंघोळ करून काकांना उदबत्ती लावून बर्फाची काळी कॉफी ठेवायचा. ते दिवसातून चारदा कॉफी प्यायचे, हे त्याला माहीत होतं. व्हिडिओ कॉलवर आईने हे पाहिलं. तिने विचारलं नाही, 'तो का लावतोय?' तिने विचारलं, "साखर घातलीस ना? चौथ्याला गोड लागतं."

नोव्हेंबरमध्ये रस्ते मोकळे झाल्यावर दोघं मोटरसायकलवर निघाले. हाई चालवत होता. मागे जोडीदार, मांडीवर गुंडाळलेले काका. वडील फाटकात उभे होते. कलश ज्याच्या हातात होता त्याच्याच हातून त्यांना तो घ्यावा लागला. घेतला. कलशाकडे पाहून म्हणाले, "चौथ्या, आलास घरी." आणि आत वळले. जोडीदार गाडीपाशीच उभा राहिला, आई जेवायला हाक मारेपर्यंत.

त्या रात्री आई-वडिलांमध्ये बोलणं झालं. ते उतने ऐकलं. आई म्हणाली, "चौथ्याला कुठे पोर होतं? त्याची उदबत्ती लागलीच ना?" वडिलांनी उत्तर दिलं नाही. पण सकाळी त्यांनी हाईला सांगितलं की चौथ्याचा यो तू करायचास, दरवर्षी. करायचास म्हणजे वेदीसमोर उभं राहून.

पुढे मी या वाक्याबद्दल बरंच बोलले, जरा उत्साहानेच. हाई मला थांबवत म्हणाला, "ची, त्यांनी मला कबूल केलेलं नाही. काम दिलंय." हे भान मला त्याच्याकडून मिळालं. अशा घरांत स्वीकार फार वेळा कामाच्या रूपाने येतो, आणि त्यात एक अन्यायही आहे. बहिणीच्या नवऱ्याला या घरात जागा मिळाली ती लग्नाच्या दिवशी, बसल्या बसल्या. हाईच्या जोडीदाराला महामारीत एका मेलेल्या माणसाला साठ-सत्तर दिवस कॉफी द्यावी लागली. ही किंमत त्याच्याकडून का घेतली गेली, हा राग मी सोडलेला नाही. तो स्वतः रागावलेला नाही. तो म्हणतो, काका माझेही होते.

लाल शिक्का

मार्च २०२२ मध्ये मी पुण्याला परतले. पुढचं सगळं फोनवर.

उतने मंत्रालयाचं ऑगस्टमधलं पत्र घरच्या 'झालो' ग्रुपवर (झालो म्हणजे तिथलं व्हॉट्सॲप) टाकलं, आणि छापूनही आणलं. वडिलांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, क्रमांक आणि शिक्का पाहिला आणि परत दिलं. शिक्क्याच्या कागदाला ते मानतात. काही बोलले नाहीत, पण 'बायको शोधू या' हे जे दर फोनवर यायचं ते त्या महिन्यापासून थांबलं. पत्रामुळे की थकून, कोण जाणे.

आईला तोपर्यंत सायगावातल्या पालकांच्या एका गटातली बाई भेटली होती. तिचा नंबर वर्षभर तिच्या फोनमध्ये नुसता पडून होता. पहिल्या फोनवर दोघी दीड तास बोलल्या, त्यातला एक तास दुरियानच्या भावाबद्दल. मुलाविषयी काय बोलल्या ते तिने सांगितलेलं नाही आणि हाईने विचारलेलं नाही.

उतचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. दादाच्या बायकोला तिने 'ची हाई' म्हटलं असतं. आता याला काय म्हणायचं? नियमाने त्यालाही हाईचाच आकडा लागायला हवा, म्हणजे घरात दोन थोरले भाऊ. हाक मारली तर दोघं ओ देतील. सध्या ती त्याला त्याच्या स्वतःच्या घरच्या आकड्याने हाक मारते. ते पाहुण्याला शोभणारं आहे आणि तिला ते बोचतं. वडिलांच्या प्रश्नालाही उत्तर नाही. हाईच्या मागे ती उदबत्ती-आगीची जमीन कुणाकडे जाणार? बहिणींची मुलं त्यांच्या भाषेत 'बाहेरची' नातवंडं. हा शब्दच बदलावा लागेल, असं उत म्हणते. वडील म्हणतात, बघू.

त्याच ऑगस्टमध्ये चौथ्या काकांचा पहिला यो झाला. जोडीदार आदल्या रात्रीच गेला होता. पहाटे बायकांबरोबर कारली कोरायला बसला, कारण पुरुषांच्या बाकावर कुणाशी काय बोलावं त्याला कळेना. हाईने उदबत्त्या लावल्या. जोडीदार मागे, दाराच्या चौकटीपाशी होता. वडिलांनी त्याला पुढे बोलावलं नाही. वेदीवर इतर पदार्थांबरोबर एक ग्लास बर्फाची काळी कॉफी होती.

जेवताना लांबच्या एका आत्याने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, हा कोण? २०१८ ला याच प्रश्नाला आईने 'हाईचा मित्र' म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. या वेळी ती ताटं उचलत होती. न थांबता म्हणाली, "न्युओय न्या." म्हणजे घरचं माणूस. मराठीत जसं म्हणतो, अगदी तसंच. वडील त्याच टेबलावर होते. त्यांनी भात वाढून घेतला.

संध्याकाळी पाहुणे निघाले. आईने प्रत्येकाला पिशवी बांधून दिली, मांस, अंडी, केळीच्या पानातला भात. जोडीदार अंगणात उभा होता. सगळ्या पिशव्या वाटून झाल्या. त्याला मिळाली नाही. आईने त्याच्या हातात मांस शिजवलेलं मोठं पातेलं दिलं, तळाला करपलेलं, आणि घासायला पंप दाखवला.

हाईने मला त्याच रात्री फोन केला. "ची, त्याला पिशवी नाही मिळाली!" तो हसत होता आणि मध्येच त्याचा आवाज फुटत होता. "पातेलं मिळालं!"

मी सांगलीला होते. आदल्या दिवशी भाऊ त्याच्या मित्राला घेऊन आला होता, पाचव्यांदा. निघताना आईने त्या मुलाला पुरणपोळ्यांचा डबा बांधून दिला होता. नीट, स्वच्छ फडक्यात, वर तुपाची छोटी बाटली. पाहुण्याला देतात तसा.